ग्राफिक चरित्रात प्रतीकपात्र कसं घडवायचं: ब्रायन एपस्टाईनच्या आयुष्यावरून

खऱ्या माणसाच्या आयुष्यावर ग्राफिक कादंबरी करायची ठरली की कागदपत्रं जमतात, मुलाखती वाचून होतात, फोटोंनी भिंत भरते. तरीही त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते चित्रात कसं आणायचं, हा प्रश्न तसाच राहतो. गद्य चरित्रकार 'त्याला त्या रात्री एकटं वाटलं असावं' असं लिहून मोकळा होतो. चित्रकाराला 'असावं' रेखाटता येत नाही. चौकटीत दाखवलेली गोष्ट तशीच घडली, असंच वाचक धरून चालतो.

ही अडचण सोडवायला प्रतीकपात्र उपयोगी पडतं. म्हणजे असं पात्र, जे प्रत्यक्षात कधी नव्हतं, पण नायकाच्या मनातली एखादी ओढ, भीती किंवा जिद्द देह धारण करून पानावर वावरते. आपल्याला ही कल्पना नवी नाही. कृष्णमिश्राच्या अकराव्या शतकातल्या 'प्रबोधचंद्रोदय' नाटकात विवेक आणि महामोह हे दोन राजे म्हणून एकमेकांसमोर उभे ठाकतात. तिथे मात्र सगळीच पात्रं प्रतीकं आहेत. चरित्रात खरी माणसं आणि प्रतीक एकाच टेबलाशी बसतात आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

उदाहरणासाठी मी ब्रायन एपस्टाईन घेतो. बीटल्स या इंग्लिश बँडचा हा मॅनेजर १९३४ साली लिव्हरपूलमध्ये जन्मला आणि १९६७ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी गेला. त्याच्यावर 'द फिफ्थ बीटल' ही ग्राफिक कादंबरी २०१३ मध्ये आली. लेखन विवेक तिवारी यांचं, चित्रं अँड्र्यू रॉबिन्सन आणि काइल बेकर यांची. २०१४ मध्ये तिला सत्यकथेवर आधारित विभागातला, कॉमिक्ससाठी दिला जाणारा आयझनर पुरस्कारही मिळाला. नव्या माणसाने शिकायला हे पुस्तक फार चांगलं आहे, कारण प्रतीकपात्राचे वेगवेगळे प्रकार त्यात एकत्र भेटतात.

आधी तारखांचा कागद

प्रतीकाचा विचार सुरू करण्याआधी एक मोठा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात तारीख आणि घटना, दुसऱ्यात ती आपल्याला कुणाकडून कळली ते, तिसऱ्यात त्या वेळी तिथे कोण हजर होतं ते. एपस्टाईनचा कागद भराभर भरतो. ९ नोव्हेंबर १९६१: मॅथ्यू स्ट्रीटवरच्या कॅव्हर्न क्लबमध्ये बीटल्सच्या दुपारच्या कार्यक्रमाला तो गेला, सोबत त्याचा सहायक अलिस्टेर टेलर. १ जानेवारी १९६२: लंडनला डेका या रेकॉर्ड कंपनीत बीटल्सची चाचणी, १५ गाणी, नकार. ९ फेब्रुवारी १९६४: एड सलिव्हनच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात बीटल्स, अंदाजे ७ कोटी ३० लाख प्रेक्षक. २७ ऑगस्ट १९६७: लंडनच्या घरी मृत्यू, तेव्हा बीटल्स वेल्समध्ये महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते.

दुसरा रकाना भरायचा कंटाळा करू नका. एक गंमतीची नोंद सांगतो. एपस्टाईनने लिहून ठेवलंय की त्याच्या रेकॉर्डच्या दुकानात रेमंड जोन्स नावाचा मुलगा बीटल्सची तबकडी मागायला आला आणि तिथून सगळं सुरू झालं. पुढे टेलरने सांगितलं की हे नाव आपणच रचलं होतं. लोकांनी जोन्सला काल्पनिक ठरवून टाकलं. मग त्या नावाचा खराखुरा माणूस पुढे आला. खऱ्या माणसाचं प्रतीक व्हायला इतका कमी वेळ लागतो. म्हणून आपल्या पुस्तकात कोण खरं आणि कोण रचलेलं, हे आपल्या कागदावर तरी स्वच्छ असायला हवं.

रिकामी जागा शोधा

आता तोच कागद उलट्या नजरेने वाचा. कुठल्या मोठ्या गोष्टीबद्दल एकही नोंद नाही? आणि का नाही? सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

एपस्टाईन समलिंगी होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये पुरुषांमधले असे संबंध हा गुन्हा होता. २१ वर्षांवरच्या दोन पुरुषांमधले खासगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा कायदा जुलै १९६७ च्या अखेरीला झाला आणि त्यानंतर महिनाभरात एपस्टाईन गेला. तरुणपणी त्याला यावरून मारहाण झाली होती, ब्लॅकमेलही झालं होतं. अशा माणसाने पत्रात, डायरीत काय लिहून ठेवावं? १९६४ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, त्यात हा विषय येणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या स्वतःच्या पुस्तकात नाही. आणि ती नाही, कारण लिहिणं धोक्याचं होतं.

ही खरी रिकामी जागा. प्रतीकपात्र अशा जागेतून जन्माला यावं. जिथे नोंद भरपूर आहे तिथे प्रतीक आणलं की ते नुसतं सजावट होऊन बसतं. सलिव्हनशी झालेल्या व्यवहारात एपस्टाईनने पैसे कमी घेतले आणि कार्यक्रमात अग्रक्रम मागून घेतला, हे माहीत आहे. त्याचं धाडस तिथे व्यवहारातच दिसतं, ते सांगायला बाजूला कुणी उभं करायची गरज नाही. मी नव्या मंडळींना सांगतो की रिकाम्या जागा तांबड्या पेन्सिलीने गोल करा, त्यातल्या दोन निवडा आणि बाकीच्या तशाच राहू द्या. माणसाचं सगळंच उलगडून दाखवलं की तो माणूस राहत नाही.

कुठल्या जातीचं पात्र हवंय ते ठरवा

पहिला प्रकार संमिश्र पात्राचा. चार खऱ्या माणसांचं काम एका रचलेल्या माणसाकडे द्यायचं. मॅनेजरच्या ऑफिसात सेक्रेटरी, हिशेबनीस, सहायक अशी बरीच ये-जा असते. सगळे चेहरे काढले तर वाचक हरवतो. हे पात्र सोयीचं, पण काटेकोर अर्थाने प्रतीक नव्हे. यात धोका आहे तो श्रेयाचा. टेलर कॅव्हर्नमध्ये खरंच होता. त्याच्या जागी रचलेलं माणूस बसवलं तर एका खऱ्या माणसाचं आयुष्य पुसलं जातं.

दुसरा प्रकार गुणाला माणूस करण्याचा. 'द फिफ्थ बीटल'मधली मॉक्सी ही तरुण सहायिका काल्पनिक आहे. तिच्या नावाचाच अर्थ धमक. ती एपस्टाईनच्या सोबत असते, त्याला ढकलते, त्याच्या बाजूने उभी राहते. एकट्या माणसाला बोलायला कुणीतरी मिळतं आणि त्यामुळे लेखकाला लांबलचक निवेदनाच्या चौकटी लिहाव्या लागत नाहीत. नव्या लेखकाने अनुकरण करावं असा हाच प्रकार, फक्त गुण एकच घ्या. धमक, माया, पश्चात्ताप आणि विनोद असं सगळं एकाच पात्रावर लादलं की ते प्रतीक उरत नाही, नायकाची मैत्रीण होऊन जातं.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड आहे. खऱ्या माणसाला प्रतीकाचा वेश चढवायचा. त्या पुस्तकात एड सलिव्हनच्या वतीने बाहुला बोलतो. अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीचा मॅनेजर कर्नल पार्कर राक्षसी भासावा असा रंगवलाय. पार्करचं चित्रण परिणामकारक आहे, कारण एकाच धंद्यातले दोन मॅनेजर समोरासमोर येतात आणि आपण असे होऊ शकतो का, हा प्रश्न एपस्टाईनच्या चेहऱ्यावर उमटतो. पण माणसाला राक्षस करणं हा निवाडा असतो. तो नायकाच्या नजरेतून आहे की लेखकाच्या, हे पानावर कळलंच पाहिजे. पहिलं पुस्तक करताय तर हा प्रकार टाळा असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा प्रकार प्राण्याचा किंवा वस्तूचा. एपस्टाईनला स्पेनमधल्या बैलांच्या झुंजीचं वेड होतं. हेन्री हिगिन्स या इंग्रज बुलफायटरला त्याने पाठबळही दिलं होतं. म्हणून त्याच्या गोष्टीत मॅटाडोर आणि बैल आले तर ते बाहेरून चिकटवलेले वाटत नाहीत. प्रतीक नायकाच्या स्वतःच्या आवडीनिवडीतून उचलावं, ही युक्ती लक्षात ठेवा. पिंजऱ्यातला पक्षी आणि विझती मेणबत्ती कुणाच्याही चरित्रात बसतात, म्हणून त्या कुणाच्याच नसतात.

एक पात्र घडवून बघू

आता आपलं स्वतःचं पात्र करूया. एपस्टाईनच्या लहानपणात एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. सोळावं लागायच्या सुमारास त्याने वडिलांना लांब पत्र लिहून कळवलं की मला कपड्यांचा डिझायनर व्हायचंय. वडिलांनी साफ नकार दिला आणि तो घरच्या फर्निचरच्या दुकानात कामाला लागला. पुढे लंडनच्या राडा या नाट्यशाळेत गेला, तिसऱ्या सत्रानंतर तेही सोडलं. आणि १९६२ मध्ये ह्याच माणसाने चामड्याची जाकिटं घालणाऱ्या, मंचावर खात-पीत, सिगारेट ओढत वाजवणाऱ्या चार पोरांना सूट चढवले आणि गाणं संपल्यावर एकसाथ कमरेत वाकून अभिवादन करायला लावलं.

वडिलांचा नकार आणि बीटल्सचे सूट यांच्यामध्ये बारा वर्षं आहेत. त्या वर्षांत कपड्यांची ती ओढ त्याच्या मनात कुठे दडून बसली होती याची नोंद नाही. तर आपलं प्रतीकपात्र म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा, हातात कपड्यांची चित्रं काढायची वही.

मनात पहिल्यांदा कदाचित शिंपी आला असता: गळ्यात टेप, कानावर खडू. पण बीटल्सचे सूट खरोखर शिवणारा शिंपी होता, बर्कनहेडचा बेनो डॉर्न. आपला काल्पनिक शिंपी पानावर आला की जाणकार वाचक त्याला डॉर्न समजणार. प्रतीकाचा पेशा, वय आणि चेहरा गोष्टीतल्या कुठल्याही खऱ्या माणसाशी जुळता कामा नये. तारखांच्या कागदावरचा तिसरा रकाना त्यासाठीच भरलेला असतो. पात्र ठरलं की त्या रकान्यातलं एकेक नाव घेऊन ताडून बघा.

पात्राचे नियम लिहून काढा

वहीवाल्या मुलासाठी मी हे नियम लिहीन. तो फक्त ब्रायनला दिसतो. बाकी कुणीही त्याच्याकडे बघत नाही, त्याला वाट करून देत नाही. तो बोलत नाही, चित्र काढतो. तो दार उघडत नाही, फोन उचलत नाही, कागदावर सही करत नाही, म्हणजे गोष्टीतली एकही घटना त्याच्यामुळे घडत नाही. ब्रायनने स्वतःच्या आवडीचं काही केलं की तो येतो, निव्वळ धंद्याचं काम चाललं असेल तर येत नाही. आणि तो मोठा होत नाही.

शेवटून दुसरा नियम बराच काळ कामाला येतो. बीटल्सच्या नावाच्या खेळण्या-टोपांचा परवाना एपस्टाईनच्या बाजूने अतिशय स्वस्तात दिला गेला. सुरुवातीच्या करारात त्यांच्या वाट्याला फक्त १० टक्के आले. हा प्रसंग काढताना मुलगा पानावर नसेल. वाचकाला त्याची सवय झालेली असते, त्यामुळे तो नसल्याचंही जाणवतं. प्रतीकपात्राची गैरहजेरी हे त्याच्या हजेरीइतकंच मोठं हत्यार आहे, नवखे लोक ते वापरतच नाहीत.

चित्रातलेही नियम हवेत, आणि ते चित्रकार वेगळा असेल तर त्याच्यासोबत बसून ठरवा. मुलाला सावली नाही. त्याची रेषा पेन्सिलची, बाकी सगळ्यांची शाईची. पानाचा रंग बदलला तरी त्याच्या शर्टाचा रंग बदलत नाही. एवढं पुरेसं आहे. चमक, धूर, तरंगणं यातलं काही नको, नाहीतर भुताची गोष्ट होईल. पहिल्या प्रवेशात वाचकाला तो दुकानातला कुणी पोरगा वाटला तरी चालेल, पण दुसऱ्या प्रवेशात शंका यायला हवी आणि तिसऱ्यात खात्री पटायला हवी.

एक पान जवळून

फेब्रुवारी १९६२. लंडनमध्ये डेकाच्या अधिकाऱ्यांनी एपस्टाईनला नकार कळवला. सहा चौकटींचं पान करू.

पहिली चौकट पानाच्या पूर्ण रुंदीची: जेवणाचं टेबल, एपस्टाईन आणि कंपनीची माणसं. एक खुर्ची रिकामी. इथे सगळं शाईत, कारण हे घडलंय. दुसरी चौकट लहान: एपस्टाईनचा हात, शर्टाची नेटकी कफ, न वापरलेला काटा.

तिसऱ्यात ते प्रसिद्ध वाक्य, की गिटारवाल्या टोळ्यांचे दिवस संपत आले. इथे सावध. हे वाक्य एपस्टाईनने आपल्या पुस्तकात दिलंय. ज्यांच्या नावावर ते घातलं जातं त्या डेकाच्या डिक रो यांनी मात्र आपण असं म्हटल्याचं नाकारलं. गद्यात तळटीप देता येते. चित्रात मी बोलणाऱ्याचं तोंड काढणार नाही. चौकटीत एपस्टाईनचा कान आणि गाल, आणि बोलण्याच्या फुग्याची कड तुटक रेषेची. म्हणजे हे त्याला ऐकू आलं, त्याने असं लक्षात ठेवलं, इतकंच आपण म्हणतो. तुटक कडेचा फुगा हा नियम पुस्तकभर पाळा, वाचक तो चटकन शिकतो.

चौथ्या चौकटीत रिकाम्या खुर्चीवर मुलगा बसलाय, वहीत मान घालून. पाचवीत एपस्टाईनचा चेहरा समोरून: ही पोरं एल्व्हिसपेक्षा मोठी होतील असं तो म्हणाला, हे त्याचंच लेखी सांगणं आहे. फुगा साधा, अक्षरं नेहमीच्या आकाराची. या वाक्याला मोठी अक्षरं दिलीत तर पुढचं यश माहीत असलेल्या माणसाने ते काढलंय असं दिसेल. त्या टेबलावर मात्र ते कुणालाच माहीत नव्हतं. सहाव्या चौकटीत वहीचं पान: चार कोट, गळ्यापाशी अर्धवट सोडलेले.

सूट प्रत्यक्षात मंचावर आले ते मार्चपासून. नकारातून सूट सुचले असं कुठे नोंदलेलं नाही, तो अर्थ मी लावतोय. म्हणून तो मुलाच्या वहीत, पेन्सिलीत राहतो. ब्रायन त्याच टेबलावर रुमालावर कोट रेखाटतोय असं काढलं असतं तर माझा अंदाज इतिहास होऊन बसला असता. प्रतीकपात्राचं काम हेच, की अंदाज अंदाजाच्या जागी ठेवायचा.

कुठे प्रतीक नकोच

मनिलाचा प्रसंग बघा. जुलै १९६६ मध्ये फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्या मेजवानीला बीटल्स गेले नाहीत. देशभर संताप उसळला, एपस्टाईनने टीव्हीवर दिलेला खुलासा प्रक्षेपणातल्या खरखरीत बुडाला, विमानतळावर धक्काबुक्की झाली. 'द फिफ्थ बीटल'मध्ये हा भाग काइल बेकर यांनी साठच्या दशकातल्या मुलांच्या कार्टूनच्या शैलीत काढलाय. परिस्थिती हाताबाहेर गेल्याची जाणीव शैली बदलल्यानेच होते. नवं पात्र आणण्याआधी स्वतःला विचारा: रेषा, रंग किंवा चौकटीचा आकार बदलून हे भागेल का? भागत असेल तर पात्र नको.

दुसरी जागा मृत्यूची. एपस्टाईनचा मृत्यू झोपेच्या औषधाच्या अतिसेवनाने झाला आणि चौकशीत तो अपघात ठरला. समजा तुम्ही 'एकटेपणा' नावाची काळ्या कोटातली बाई पुस्तकभर वापरलीत आणि शेवटच्या रात्री तिने त्याच्या हातात बाटली दिली. चित्र देखणं होईल. पण तुम्ही चौकशीचा निष्कर्ष फिरवून आत्महत्या म्हटलीत आणि तेही एक शब्द न लिहिता. नायकाच्या मृत्यूला, गुन्ह्याला, करारावरच्या सहीला प्रतीकाचा हात लागू देऊ नका. आपला मुलगा त्या खोलीत असला तर लांब बसलेला असावा, वही मिटलेली. मी तर त्याला तिथे आणणारच नाही.

आपल्याकडच्या एखाद्या दिवंगत कलावंतावर किंवा त्याच्या व्यवस्थापकावर काम करणार असाल तर कायद्याचंही भान ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधल्या स्पष्टीकरणानुसार, कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीची बदनामी केली तरी ती बदनामी ठरू शकते. 'ते तर प्रतीक होतं' एवढ्या बचावावर विसंबू नका. हस्तलिखित वकिलाला दाखवा आणि जमत असेल तर कुटुंबालाही. गाण्यांच्या ओळी फुग्यात घालायच्या असतील तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, हे काम शेवटाला ठेवू नका.

काढून बघा

कच्चा आराखडा तयार झाला की त्याची प्रत काढा आणि प्रतीकपात्र असलेल्या सगळ्या चौकटींवर कोरा कागद चिकटवा. मग वाचा. गोष्ट घटनांच्या अंगाने सलग समजली पाहिजे, कारण त्याने एकही घटना घडवलेली नाही. पण ती कोरडी वाटली पाहिजे. समजेनाशी झाली तर तुमच्या पात्राने खऱ्या माणसांचं काम बळकावलंय. आणि काहीच फरक पडला नाही तर पात्र निर्दयपणे काढून टाका, कितीही सुंदर काढलेलं असो.

मग ज्याला बीटल्सबद्दल फारसं माहीत नाही अशा कुणाला तरी मूळ प्रत वाचायला द्या. प्रश्न एकच विचारा: यातलं कोण खरं नव्हतं? त्याने वहीवाल्या मुलाकडे बोट दाखवलं तर रेषा आणि नियम नीट बसले. तो इमेल्डाबाईंकडे किंवा पार्करकडे बोट दाखवायला लागला तर खरी माणसं तुम्ही फार रंगवलीत, तिथे हात आवरा.

शेवटची नोंद

पुस्तकात लेखकाची नोंद असलीच पाहिजे. ती शेवटी छापा, आधी नको, नाहीतर वाचक मुलाला भेटण्याआधीच ओळखून बसेल. मजकूर साधा ठेवा: 'या पुस्तकातला वही घेतलेला मुलगा काल्पनिक आहे. तो जिथे दिसतो तिथला अर्थ आमचा आहे. तुटक कडेच्या फुग्यांतलं बोलणं एका व्यक्तीच्या आठवणीवर आधारलेलं आहे. बाकीचे प्रसंग पुढील पानांवर थोडक्यात किंवा एकत्र करून मांडले आहेत.' आणि खाली पानांचे आकडे द्या. कुठल्या दोन भेटींची एक केली, कुठे जागा बदलली, सगळं. आकडे पुस्तक छपाईला जाण्याच्या आदल्या टप्प्यावर पुन्हा तपासा, कारण मांडणीत पानं सरकतात.

आजकाल पुस्तकातली एखाद-दोन पानं दिवाळी अंकात किंवा इन्स्टाग्रामवर वेगळी फिरतात आणि शेवटची नोंद त्यांच्यासोबत जात नाही. मुलगा असलेलं पान असं सुटं देणार असाल तर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मुलगा काल्पनिक' एवढं टाकूनच पाठवा.